लेकरांचं भान : पालक आणि शिक्षकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी शिकवते. आमच्याकडे परिपाठ संपला की पाच मिनिटं मुलं श्वासाकडे, आवाजांकडे, पायाखालच्या फरशीकडे लक्ष देऊन बसतात. इंग्रजीत याला माइंडफुलनेस म्हणतात. हे कानोकानी गेल्यापासून आजूबाजूच्या गावांतले पालक, आशाताई, अंगणवाडीच्या मॅडम, दुसऱ्या शाळांतले गुरुजी विचारत असतात. कुणी पालकसभेत विचारतं, कुणी आठवडी बाजारात भाजीची थैली हातात धरून, आणि बरेच जण रात्री दहानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून ते एका जागी आणले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

१. हे माइंडफुलनेस म्हणजे नेमकं काय? मराठीत काय म्हणायचं?

पुस्तकात 'सजगता' असा शब्द सापडेल. मी मुलांशी बोलताना 'भान' म्हणते, कारण तो शब्द त्यांच्या घरात आधीपासून आहे. "भान ठेवून चाल", "खेळाच्या नादात जेवायचं भान राहिलं नाही" हे त्यांची आजी रोज बोलते. आत्ता माझ्या आत आणि माझ्या भोवती काय चाललंय ते लक्षात येणं, आणि त्याला लगेच चांगलं-वाईट असा शिक्का न मारणं, एवढाच त्याचा अर्थ. पोटात भूक आहे, छाती धडधडते आहे, मागचा मुलगा चिडवतोय म्हणून मला राग येतोय. राग येत असतानाच हे ज्या लेकराला कळतं, त्याला भान आहे.

मूळ शब्द पाली भाषेतला, 'सति'. बुद्धाच्या शिकवणुकीतून तो आला आणि इंग्रजी शब्द त्याचंच भाषांतर आहे. १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी जुनाट दुखण्यांनी त्रासलेल्या रुग्णांसाठी अभ्यासक्रम सुरू केला. तिथून हा सराव दवाखान्यांत आणि पुढे शाळांत पोचला. म्हणजे आपल्याकडून गेलेली वस्तू फिरून आपल्याच दारात आली आहे.

२. म्हणजे हे ध्यानच ना? विपश्यना, प्रार्थना आणि हे, यांत फरक काय?

सगळी एकाच गोतातली आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज मोझरीहून सकाळचं सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना गावोगाव नेली, आणि विदर्भातल्या कितीतरी गावांत ती प्रार्थना आजही होते. बुद्धविहारांत आनापान, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष देणं, शिकवतात. विपश्यना शिकवणाऱ्या सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेत मुलांची वेगळी आनापान शिबिरं होतात आणि राज्यातल्या शाळांसाठीचा 'मित्र उपक्रम' त्याच श्वासाच्या सरावावर उभा आहे.

फरक इतकाच की प्रार्थनेत मन कुणाला तरी उद्देशून असतं, जपात एखाद्या नामाला धरून असतं. भानाच्या सरावात मन समोर जे आहे त्यालाच धरतं: श्वास, आवाज, चव, तळपायाला लागणारा गारवा. तुमचं लेकरू आजोबांसोबत संध्याकाळच्या प्रार्थनेला जात असेल तर ते बंद करून हे सुरू करू नका. तिथं दोन मिनिटं गप्प बसायची सवय लागलेली मुलं माझ्या वर्गात सगळ्यांत आधी रुळतात.

३. याने लेकराला फायदा काय? एका वाक्यात सांगा.

मनात काही उसळणं आणि हातून काही घडणं, यांच्यामध्ये लेकराला थोडी उसंत मिळते.

आता एका वाक्यापेक्षा जास्त. मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेत चौथीतल्या एका मुलाला मागून धक्का बसला. ताट वाकडं झालं, गरम खिचडी मनगटावर सांडली. तो गर्रकन वळला, हात उगारला. मी पाच हातांवर होते, पोचणं शक्य नव्हतं. तो हात तसाच थांबला. मग त्याने दोन्ही हात चड्डीच्या खिशात घातले, माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मॅडम, मले लय राग आला हाये." त्याचं नाक फुगलेलं होतं, डोळ्यांत पाणी होतं. राग कुठेच गेला नव्हता. पण तो त्याला दिसला होता आणि त्याने तो तोंडाने सांगितला. आधीच्या वर्षी याच मुलाने याच रांगेत दुसऱ्याच्या ओठातून रक्त काढलं होतं.

यामागचं शरीराचं गणित असं. भीती किंवा राग आला की मेंदूतला धोक्याची घंटा वाजवणारा भाग आधी धावतो. "थांब, बघ, मग कर" म्हणणारा कपाळामागचा भाग मुलांमध्ये अजून घडत असतो, तो पंचविशीपर्यंत घडत राहतो. म्हणून लहानाकडून मोठ्याच्या संयमाची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. श्वासाचा मात्र लगेच उपयोग होतो. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित मंदावतात. सावकाश लांब श्वास सोडला की अंगाला निरोप जातो की आता पळायचं किंवा मारायचं कारण नाही.

बाकी फायदे मी वर्गात पाहिलेत ते असे: भटकलेलं लक्ष परत आणायला मुलांना कमी वेळ लागतो, फळ्यासमोर उभं राहिल्यावर घाबरून गप्प होणारी मुलं एक श्वास घेऊन बोलायला लागतात, आणि पोट दुखतंय की भीती वाटतेय यातला फरक त्यांना सांगता येतो. काही आयांनी झोप लवकर लागते असंही सांगितलं. हे सगळ्याच मुलांत होत नाही. अभ्यासकांना काय आढळलं ते प्रश्न १६ मध्ये आहे.

४. कितव्या वर्षापासून सुरू करावं? रोज किती वेळ?

अंगणवाडीच्या वयात खेळ म्हणून, एक मिनिटभर. पहिली-दुसरीत दोन मिनिटं, चौथी-पाचवीत पाच. त्यापुढे मूल स्वतः वाढवत असेल तर वाढवू द्या. महिन्यातून एकदा अर्ध्या तासापेक्षा रोजची दोन मिनिटं कामाची.

५. घरी सुरुवात कशी करू? एकच खोली, टीव्ही चालू, शेजारी पिठाची चक्की.

शांत जागा शोधत बसू नका. आवाज हेच पहिलं साधन आहे. संध्याकाळी ओट्यावर लेकराला शेजारी घ्या आणि म्हणा, "आपण तीन आवाज पकडू." चक्कीचा, परतणाऱ्या ढोरांच्या घंट्यांचा, दूरच्या मोटारपंपाचा. सगळ्यांत जवळचा कोणता, सगळ्यांत लांबचा कोणता, विचारा. दोन मिनिटं झाली की उठा. पहिला आठवडा एवढंच.

दुसऱ्या आठवड्यात पोटावरचा बैल. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी घरात कुठेतरी कोनाड्यात पडलेला असतोच. लेकराला बाजेवर उताणं झोपवा आणि लहानसा नंदी पोटावर ठेवा. श्वास आत गेला की नंदी वर चढतो, बाहेर आला की खाली उतरतो. लेकराचं काम नंदीकडे बघणं. नंदीला चाकं असतील तर तो घरंगळतो, मग त्याला आडवा ठेवा. "पोट फुगव" असं सांगू नका, नाहीतर मूल जोर लावतं. नंदी जसा चढतो-उतरतो तसाच चढू-उतरू द्या.

आणि तिसरं, मला सगळ्यांत आवडणारं, संत्र्याचं. कबात-झिन यांच्या अभ्यासक्रमात एक मनुका सावकाश खायचा सराव आहे. मी नागपूर-अमरावतीच्या पट्ट्यातल्या लेकरांना मनुका कशाला देऊ? संत्रं हातात द्या. आधी वजन जोखू द्या. सालीवरचे बारीक खड्डे बोटाने बघू द्या. साल सोलताना जो बारीक फवारा उडतो तो नाकाशी येतो, तेव्हा डोळे आपोआप बारीक होतात, ते लक्षात आलं का विचारा. फोड सुटी करून तिच्यावरचे पांढरे धागे काढू द्या. मग फोड उजेडासमोर धरली की आतल्या रसाच्या पिशव्या आणि बी दिसतं. आता जिभेवर ठेवायची, चावायची नाही, दहापर्यंत मोजायचं. मग चावायची. आमच्या वर्गात एकदा हे केलं, तेव्हा ज्या मुलीच्या बापाची संत्र्याची बाग आहे ती म्हणाली, "मॅडम, मी एवढे संत्रे खाल्ले, पण आतून कधी पाह्यलंच नव्हतं." आंबिया बहाराची संत्री दिवाळीनंतर येतात, मृगाची शिमग्याच्या आधी. बाकीच्या दिवसांत बोरं, शेंगदाणा, भाकरीचा पहिला घास, काहीही चालतं.

६. आमचं पोट्टं एका जागी बसतच नाही. बसवलं की चुळबुळ. काहून?

कारण ते लेकरू आहे. बसणं ही अटच नाही. चालता चालता भान ठेवता येतं. सकाळी वावराकडे जाताना धुऱ्यावरून अनवाणी दहा पावलं, फक्त तळपायाला काय लागतं ते बघत: दव, ढेकूळ, गवत. काटे-कुसळ नसलेली जागा तेवढी निवडा. टाच आधी टेकते की बोटं, विचारा.

तरीही एक तपासून घ्या. मूल उपाशी शाळेत येतं का? फळ्याकडे डोळे बारीक करून बघतं का? हाक मारली की दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ओ देतं का? अशी मुलं चंचल ठरतात आणि कारण चष्म्यात, कानात किंवा रक्ताच्या कमतरतेत निघतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येते, तेव्हा त्या डॉक्टरांना हे मोकळेपणाने सांगा. घरी, शाळेत, खेळात सगळीकडेच महिनोन्‌महिने एकसारखी चंचलता असेल तर तज्ज्ञांकडून तपासणी हवी. सरावाने ती जागा भरून निघत नाही.

७. डोळे मिटलेच पाहिजेत काय?

नाही. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. सुरुवातीच्या वर्षी मी परिपाठानंतर सगळ्यांना एका सुरात सांगायची, "डोळे मिटा, कुणी उघडायचे नाहीत." एक दिवस तिसरीतल्या एका मुलीचे ओठ पांढरे पडले, अंग थरथरायला लागलं. तरी ती डोळे मिटूनच होती, कारण मी तसं सांगितलं होतं. तिचे वडील चार महिन्यांपूर्वी गेले होते. डोळे मिटले की तिला तेच दिसायचं. मला घरची हकिकत माहीत होती आणि तरी माझ्या डोक्यात आलं नाही.

त्या दिवसापासून आमच्या शाळेत तीन मोकळीका आहेत आणि त्या रोज मोठ्याने सांगितल्या जातात: डोळे उघडे ठेवून जमिनीकडे बघितलं तरी चालेल, श्वास नको वाटला तर पाय जमिनीवर दाबून बसलं तरी चालेल, आणि उठून माझ्याजवळ आलं तरी चालेल. रोज सांगायचं कारण असं की ज्याला गरज असते ते मूल विचारत नाही. अशा मुलांविषयी आणखी प्रश्न १४ मध्ये आहे.

८. याने मार्क वाढतात का? पाचवीत आहे, नवोदयची परीक्षा द्यायची आहे.

मार्कांची हमी मी देत नाही. पेपर हातात आल्यावर डोकं सुन्न होतं, येत असलेलंही सुचत नाही, असं होणाऱ्या मुलाला उपयोग होतो. त्याला बोटांवरचा श्वास शिकवा. डाव्या हाताची बोटं पसरायची, उजव्या हाताची तर्जनी अंगठ्याच्या कडेने वर नेताना श्वास घ्यायचा, खाली आणताना सोडायचा. पाच बोटं, पाच श्वास. बाकावर बसून करता येतं, पर्यवेक्षकाला कळतही नाही. मात्र हे परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा शिकवलं तर त्या धांदलीत आठवणार नाही. महिनाभर आधी रोज झोपताना करून घ्या.

९. मोबाइलवर व्हिडिओ लावून दिला तर चालेल का?

तुम्ही स्वतः शिकण्यासाठी बघा. लेकराला मोबाइल देऊन तुम्ही स्वयंपाकाला लागलात तर व्हिडिओ संपल्यावर कार्टून लागतं, हे प्रत्येक आईला माहीत आहे.

१०. आमच्या शाळेत दोन शिक्षक आणि चार वर्ग. यासाठी वेळ कुठून आणू?

वेगळा तास शोधू नका. परिपाठातच राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, सुविचार झाल्यावर दोन मिनिटं घ्या. चारही वर्ग एकत्र बसलेले असतातच. घंटेचा एक टोल द्या आणि सांगा, नाद पूर्ण विरला असं वाटलं की हात वर करा. पितळी घंटेचा नाद मुलं बराच वेळ कान टवकारून ऐकतात. शेवटचा हात वर होतो तोवर सगळी शांत झालेली असतात. मोठ्या वर्गातली मुलं आळीपाळीने घंटा वाजवू शकतात. शनिवारच्या आनंददायी उपक्रमांतही हे सहज बसतं. दिल्ली सरकारने २०१८ मध्ये आपल्या शाळांत नर्सरी ते आठवीसाठी हॅपिनेस अभ्यासक्रम आणला, त्यातही सजगतेची मिनिटं होती. म्हणजे मुख्याध्यापकांना किंवा केंद्रप्रमुखांना सांगायला तुमच्याकडे दाखला आहे.

खिचडीच्या वेळचे पहिले तीन घास न बोलता खाणं हाही एक सोपा मार्ग. पण पहिले तीनच. पोरांच्या जेवणातल्या गप्पा हिरावून घेऊ नयेत.

११. आम्ही मुसलमान आहोत. शाळेत हे करून घेतात, त्यात काही धार्मिक आहे का?

हाच प्रश्न मला ख्रिस्ती, बौद्ध, गोंड आणि कट्टर वारकरी घरांतूनही आला आहे, म्हणून सगळ्यांना एकच उत्तर. श्वास आणि आवाज कुणाच्या धर्माचे नाहीत. आमच्या शाळेत त्या पाच मिनिटांत ओंकार, मंत्र, मूर्ती, हात जोडणं यांपैकी काहीच नसतं. मुलं पलाठी घालतात, भिंतीला टेकतात, कुणी खुर्चीवर बसतं. तुमच्या शाळेत यात पूजा मिसळली जात असेल तर पालक म्हणून विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. शिक्षकांना विनंती: मूळ कुठून आलं ते आदराने सांगा, पण सराव सर्वांना सारखा बसता येईल असा ठेवा.

१२. मस्ती करणाऱ्या पोराला शिक्षा म्हणून कोपऱ्यात 'ध्यानाला' बसवलं तर?

कृपा करून असं करू नका. एकदा ते शिक्षा झालं की त्या लेकरासाठी श्वास हा शब्दच कडू होतो. आणि ज्याला खरी गरज आहे तेच मूल त्यापासून कायमचं दूर जातं. रागाच्या भरात असलेल्या मुलाला "श्वास घे, श्वास घे" म्हणत राहणंही तितकंच चुकीचं. तेव्हा फक्त जवळ बसा, पाणी द्या. सराव शांत वेळेला करायचा असतो, मग वेळेवर तो आठवतो.

१३. आमची पोरं वावरात येतात, ढोरं चारतात. त्यांना हे वेगळं शिकवायची काय गरज?

हा प्रश्न एका आजोबांनी विचारला आणि मी बराच वेळ विचार करत राहिले. ते बरोबर होते. टिटवी का ओरडते, वाऱ्याची दिशा कधी बदलली, गाय आज मलूल का आहे हे ज्याला कळतं त्याचं भान माझ्यापेक्षा तल्लख आहे. रानडुकरांपायी बापासोबत जागलीला गेलेलं पोर अंधारात खसफस कुठून आली ते अचूक सांगतं. कापूस वेचताना बोंडाच्या वाळलेल्या टोकाने बोट न कापता सरकी-कापूस अलगद काढणं हे हाताचं भानच आहे.

पण ते भान बाहेरचं आहे. मुलाला टिटवीचा स्वर ओळखता येतो आणि स्वतःच्या आवाजात चढलेला राग ओळखता येत नाही, असं मी पुष्कळदा पाहिलंय. म्हणून त्याला नवीन काही शिकवायचं नाही, आहे तेच आत वळवायचं. "ढोर बुजायच्या आधी तुला कसं कळतं?" विचारा. ते सांगेल: कान उभे होतात, मान वर जाते. मग विचारा, "तू बुजायच्या आधी तुझं काय उभं होतं?" या एका प्रश्नावर पाचवीच्या वर्गात आमचा अर्धा तास गेला होता. मुठी, दात, गळ्यातला आवंढा, पोटातला गोळा, सगळं निघालं.

एक मात्र सांगून ठेवते. हे लेकरांना शाळा बुडवून वेचणीला नेण्याचं समर्थन म्हणून वापरू नका.

१४. घरात कर्ज आहे, दारू आहे, किंवा लेकराचे वडील गेले आहेत. अशा लेकराला हे द्यावं का?

आपल्या भागात हा प्रश्न दर गावात आहे, आणि मला तो सगळ्यांत सांभाळून लिहावासा वाटतो.

आधी काय नाही ते. घरात मारहाण होत असेल तर लेकराला श्वास मोजायला शिकवणं हे उत्तर नव्हे, मारहाण थांबवणं हे उत्तर आहे. अशा वेळी १०९८ या चाइल्डलाइनवर फोन करता येतो, मूल स्वतःही करू शकतं. पोटभर जेवण, कुणीतरी मोठं विश्वासाचं माणूस, रोजची शाळा, हे आधी. सराव त्यानंतर, आणि तोही मुलाला हवा असेल तर.

दुःखातल्या लेकराला शांत बसवलं की दबलेलं वर येऊ शकतं. म्हणून श्वासाने सुरुवात करू नका, डोळे मिटायला लावू नका, एकटं बसवू नका. बाहेरच्या गोष्टी धरा: हातातला गार गोटा, पायाखालची जमीन, खोलीतल्या निळ्या रंगाच्या पाच वस्तू. हाताला काम द्या, पीठ मळणं, शेंगा सोलणं, वाती वळणं. शेंगा सोलता सोलता मूल जे बोलतं ते समोरासमोर बसवून विचारलं तर बोलत नाही. "रडू नको, तू आता घरातला मोठा" हे वाक्य आठ वर्षांच्या मुलाला कुणी म्हणू नये एवढं आपण गाव म्हणून ठरवू शकतो.

पुढचं काही दिसलं तर सराव थांबवून माणसांची मदत घ्या: आठवडे-आठवडे न खाणं, न झोपणं, खेळातून पूर्ण अंग काढणं, पुन्हा अंथरूण ओलं होणं, मरणाचं किंवा नकोसं झाल्याचं बोलणं. हे शेवटचं असेल तर वाट पाहू नका, लेकराला एकटं सोडू नका. १४४१६ ही टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा, सरकारची आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो. जायला संकोच वाटला तर आशाताईंना सोबत घ्या.

१५. लेकराला फिट येते, किंवा सिकलसेल आहे, किंवा दमा आहे. चालेल का?

आवाज, चव, चालणं हे सराव सगळ्यांना चालतात. श्वासाचे सराव करताना एक नियम सर्वांसाठी: श्वास रोखायचा नाही आणि जोरात भराभर घ्यायचा नाही. जसा चालला आहे तसा बघायचा.

फिट येणाऱ्या मुलांत भराभर खोल श्वास घेतल्याने काही प्रकारची फिट सुरू होऊ शकते, म्हणून त्यांच्या बाबतीत हा नियम काटेकोर पाळा आणि औषध कधीही थांबवू नका. एक उलट बाजूही आहे. एखादं मूल बोलता बोलता काही सेकंद एकटक बघत राहतं, हाक ऐकत नाही, मग काहीच न झाल्यासारखं पुढे बोलतं, आणि हे दिवसातून अनेकदा होतं. घरचे म्हणतात, "याची समाधी लागते." ती समाधी नसून फिटचा प्रकार असू शकतो. डॉक्टरांना दाखवा, जमलं तर तो क्षण मोबाइलवर टिपून न्या.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आपल्या विदर्भात बऱ्याच घरांत आहे. ही मुलं लवकर थकतात, त्यांना आळशी म्हटलं जातं. वेदना सुरू झाली की पाणी, औषध आणि दवाखाना आधी. सोबत हात धरून, सावकाश श्वास सोडत बसल्याने त्या वेळेची घाबरगुंडी कमी होते, इतपत मदत होते. दम्याच्या मुलांना कापसाच्या धुळीत किंवा चुलीच्या धुरात श्वासाचा सराव देऊ नका, आणि धाप लागलेली असताना आवाजांचाच खेळ घ्या.

१६. परदेशात मोठ्या अभ्यासात फायदा नाही असं निघालं म्हणे. मग कशाला करायचं?

खरं आहे, आणि ते लपवायचं कारण नाही. ब्रिटनमध्ये 'मिरियड' नावाचा मोठा अभ्यास झाला. ८५ शाळा, ११ ते १४ वयाची ८ हजारांहून जास्त मुलं. काही शाळांत शिक्षकांना प्रशिक्षण देऊन सजगतेचे तास घेतले, बाकी शाळांत भावनांविषयीचे नेहमीचे तास. २०२२ मध्ये निष्कर्ष आले: दोन्ही गटांतल्या मुलांच्या मानसिक आरोग्यात एकमेकांपेक्षा फरक दिसला नाही. बहुतेक मुलांनी तासाबाहेर सराव केलाच नव्हता. आधीच त्रासात असलेल्या मुलांना हे सरसकट देणं योग्य नसावं, अशी शंकाही त्यातून पुढे आली. दुसरीकडे, वेगवेगळ्या अभ्यासांची गोळाबेरीज केली तर लक्ष आणि ताण यांत सुधारणा दिसते, पण ती लहान आहे.

माझं मत असं झालं आहे की हे लसीसारखं सगळ्यांना टोचून भागत नाही. मुलांना कंटाळा येत असेल तर तास घेत राहण्यात अर्थ नाही. जे मूल "नको" म्हणतं त्याचं नको ऐका. कमी वेळ, खेळातून, मुलाच्या मर्जीने आणि त्रासातल्या मुलांकडे वेगळं बघून, एवढं पाळलं तर लहान फायदाही मला मोलाचा वाटतो. खिचडीच्या रांगेत थांबलेला तो हात लहानच होता.

१७. मला स्वतःला दोन मिनिटं बसणं जमत नाही. मी लेकराला काय सांगू?

सांगू नका, सोबत बसा. ब्रिटनच्या त्याच अभ्यासात शिक्षकांचा थकवा काही काळ तरी कमी झालेला दिसला होता, म्हणजे मोठ्यांनाही याची गरज आहेच. रात्री वावरातून येऊन चुलीपुढे बसणाऱ्या आईला मी आसन घाला असं म्हणणार नाही. लेकरू काही सांगायला आलं की भाकरी तव्यावरून काढा, एक श्वास सोडा, त्याच्या तोंडाकडे बघा आणि मग ऐका. त्या दिवसाचा सराव दोघांचाही झाला.

आणि कधी तुम्ही ओरडलात, हात उचलला, तर नंतर लेकराला म्हणा, "मला राग आला होता, मला तो वेळेवर दिसला नाही." एका आईने हे केलं. दुसऱ्या दिवशी तिची मुलगी शाळेत येऊन मला हे सांगत होती, एखादी मोठी बातमी असावी तशी.

१८. उन्हाळ्याच्या सुट्टीत सवय मोडते. काय करावं?

मोडू द्या. पंचेचाळीस अंशांत दुपारी कुणाला बसवू नका. एकच खेळ चालू ठेवा, माठाचा. उन्हातून आल्यावर अंग जरा निवलं की पाण्याचा पहिला घोट सावकाश घ्यायचा आणि तो कुठपर्यंत गार लागतो ते बघायचं. गळ्यापर्यंत, छातीपर्यंत, की पार पोटापर्यंत. आमच्याकडे शाळा जूनच्या अखेरीस उघडते, तेव्हा पहिल्या दिवशी मी हेच विचारते. मामाच्या गावचा माठ, बसस्टँडवरची पाणपोई, वावरातल्या विहिरीचं पाणी, ज्याची त्याची उत्तरं असतात आणि त्यावरून भांडणंही होतात. ती ऐकून घेते, मग घंटेचा टोल देते आणि पुन्हा एका मिनिटापासून सुरू करते.